पानात टाकायचं नाही

दर रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या घरात एक छोटासा समारंभ असतो. जेवणं झालेली असतात, ओटा पुसून झालेला असतो. मग मी डायनिंग टेबलाशी बसते, निळी वही काढते आणि त्या आठवड्यात वाचून झालेल्या पुस्तकाचं नाव लिहिते. नाव, लेखक, एकूण पानं आणि एका ओळीत शेरा. बस्स, एवढंच. नवरा याला 'हजेरी' म्हणतो. लेक विचारते, "आई, होमवर्क झाला का?"

हे जानेवारी २०१८ पासून चालू आहे. त्याआधीच्या डिसेंबरात कपाट आवरताना एकदम लक्षात आलं की वर्षभरात मी एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही. एकही! जिच्या हातून जेवताना पुस्तक ओढून घ्यावं लागायचं, भेळ संपल्यावर जी भेळेचा कागद उलगडून वाचत बसायची, ती मी. वेळ नव्हता असंही नाही. फोनवर तास न् तास जातच होते. पण फोनवरचं वाचणं म्हणजे दिवसभर शेंगदाणे खाण्यासारखं. पोट भरल्यासारखं वाटतं आणि जेवण राहून जातं.

म्हणून नियम केला. आठवड्याला एक पुस्तक, रविवार ते रविवार. पातळ पुस्तक चालेल. दिवाळी अंक धरायचा नाही (हा नियम पहिल्याच नोव्हेंबरात मोडला). पहिल्या वर्षी ३७ पुस्तकं झाली, दुसर्‍या वर्षी ४४. २०२० मध्ये फक्त १९. लॉकडाऊनमध्ये लोकांनी म्हणे वाचूनच वाचून काढलं. आमच्याकडे केर, भांडी, ऑफिसचा लॅपटॉप आणि लेकीची ऑनलाइन शाळा यातून जे उरायचं त्यात मी झोपायचे. ५२ अजून एकदाही झालेली नाहीत. असो.

आठवड्याचंच माप का, तर ते लहानपणापासून अंगात मुरलेलं आहे. आम्ही ठाण्याचे. ठाण्यात १८९३ सालापासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तेव्हा गावाला वाचनाची सवय जुनीच. बाबा दर रविवारी सकाळी पुस्तक बदलायला निघायचे आणि मी पिशवी धरायला बरोबर. घरात सगळ्यांत मिळून एकच वर्गणी, एक पुस्तक आणि एक मासिक. मासिक आईचं, पुस्तक बाबांचं, आणि दोघांचं वाचून झालं की शनिवारी ते माझं. रविवारी परत द्यायचं. त्यामुळे आठवड्यात पुस्तक संपलंच पाहिजे, हे मला आंघोळ केलीच पाहिजे इतकं नैसर्गिक वाटायचं.

आणि त्याहून पक्का होता बाबांचा दुसरा नियम. पानात टाकायचं नाही. आमच्याकडे हा दोन्ही पानांना लागू होता, जेवणाच्या आणि पुस्तकाच्या. लाल भोपळ्याची भाजी आणि कंटाळवाणी कादंबरी यांना बाबांच्या लेखी एकच न्याय. "एकाने बसून एवढं लिहिलंय, तुला नुसतं वाचायला काय होतंय?" यावर उत्तर नसायचं. मी भोपळाही संपवायचे आणि कादंबरीही.

आता लहानपणी हे ठीक होतं. पण चाळिशीनंतर आठवड्याला एक या वेगाने वाचायला लागल्यावर माझी खरी गाठ पडली ती वाईट कादंबर्‍यांशी. म्हणजे अगदी वाईट नव्हे, अगदी वाईट असेल तर निदान हसून वेळ जातो. ज्या धड वाईटही नसतात आणि पुढेही सरकत नाहीत, त्या. मलपृष्ठावर लिहिलेलं असतं 'एका दमात वाचून होणारी'. मला अकरा दम लागतात. सोमवारी पान ३०, मंगळवारी ५२, बुधवारी ६०, गुरुवारी ६४. शुक्रवारी अचानक माळा साफ करायची इच्छा होते. नायक खिडकीतून पाऊस बघत असतो आणि त्याला आठवत असतं. नऊ पानं आठवत असतं. मी मधूनच शेवटचं पान उघडून किती उरली ते बघते, शाळेत शेवटच्या तासाला घड्याळाकडे बघायचो तसं.

यात एक प्रकार जास्त दुखरा असतो, तो म्हणजे जुनं प्रेम. खांडेकरांची 'ययाति' मी पंधराव्या वर्षी वाचली होती आणि रडून उशी भिजवली होती. १९५९ सालची ती कादंबरी, मराठीला पहिलं ज्ञानपीठ तिच्यामुळे मिळालं. बेचाळिसाव्या वर्षी परत घेतली तर सगळेच जण फार बोलतायत असं वाटायला लागलं. कादंबरी तीच, शब्द तेच. मीच कुठेतरी पुढे निघून आले होते. शाळेतली जिवलग मैत्रीण वीस वर्षांनी भेटावी आणि चहा संपेपर्यंत बोलायचं काही उरू नये, तसं झालं. संपवली, पण शेरा लिहायला हात होईना. 'पूर्वी वाचली होती' एवढंच लिहिलं.

उलटंही होतं बरं का. 'कोसला' मी सतराव्या वर्षी वीस पानांत सोडली होती, बाबांच्या नकळत. या माणसाला काय झालंय नक्की, हेच कळेना. बाविसाव्या वर्षी नोकरीसाठी पुण्यात कॉट बेसिसवर राहत असताना परत उघडली आणि दोन रात्रींत संपवली. तेव्हा या माणसाला काय झालंय ते मला चांगलंच कळत होतं.

मग २०१९ मध्ये 'मोबी डिक' आली. जगात एवढं नाव, म्हटलं वाचलीच पाहिजे. १३५ प्रकरणं आहेत. बत्तिसाव्या प्रकरणात लेखक गोष्ट थांबवून देवमाशांची वर्गवारी करायला बसतो, आणि तीही कशी, तर पुस्तकांच्या आकारांवरून! मोठा मासा तो फोलिओ, मधला ऑक्टाव्हो, छोटा ड्युओडेसिमो. एखाद्याला यात मौज वाटेलही, पण मी सलग तीन रात्री त्या प्रकरणात झोपले. चौथ्या रात्री पुस्तक बंद केलं आणि कपाटात ठेवलं. चोरी केल्यासारखं वाटत होतं. वहीत तो आठवडा कोराच राहिला.

माझी ही अवस्था ऑफिसातल्या एका मैत्रिणीला सांगितली तर ती हसतच सुटली. म्हणाली, "अगं, यावर लोकांनी कायदे करून ठेवलेत." आणि खरंच ठेवलेत की. अमेरिकेत नॅन्सी पर्ल नावाच्या एक ग्रंथपाल बाई आहेत. त्यांचा नियम असा की कुठल्याही पुस्तकाला ५० पानं द्यावीत, तोवर जमलं नाही तर खुशाल सोडावं. आणि वय ५० च्या पुढे गेलं की १०० मधून आपलं वय वजा करावं, उरतील तेवढीच पानं. आयुष्य कमी उरलं की सूट जास्त! दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ मध्ये वाचकाच्या दहा हक्कांची यादीच काढली. त्यात पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क तिसराच आहे. पहिला तर मुळात न वाचण्याचाच आहे. आपल्याकडे रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. त्यांच्या मनात अर्थात ग्रंथालयाची व्यवस्था होती, पण मी ते माझ्या सोयीने लावून घेतलं.

एक प्रयोग तर मला फारच लागला. १९८५ मध्ये आर्क्स आणि ब्लूमर या दोघांनी तो प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात वर्षभराची तिकिटं काढणार्‍या काही प्रेक्षकांना पूर्ण किमतीत तिकीट दिलं आणि काहींना सवलतीत. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पण हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. म्हणजे नाटकासाठी नव्हे, भरलेल्या पैशांसाठी गेले. मला माझे सगळे गुरुवार आठवले. पान ६४ वरून ६८ वर मी का जात होते? पुढे काय होणार म्हणून नव्हे. मागची ६४ फुकट जाऊ नयेत म्हणून.

हे सगळं मी बाबांना उत्साहाने सांगितलं. २०२१ ची गोष्ट, तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. म्हटलं, "बाबा, तुम्हाला आता फक्त २३ पानं वाचायची. शंभरी गाठली की नुसतं मुखपृष्ठ बघून ठरवायचं, असं त्या बाई म्हणतात." बाबा खूप हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "हो, पण चोविसाव्या पानावर काही असलं तर?"

मी त्याकडे दुर्लक्ष केलं आणि नियम बदलला. ५० पानं, मग मोकळीक. वहीच्या शेवटच्या पानापासून उलटी यादी सुरू केली, मथळा 'पानात टाकलेली'. खरं सांगते, त्यानंतर वाचनात जीव आला. सोडता येतं म्हटल्यावर मी बेधडक काहीही उचलायला लागले. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० सालची, इतकी वर्षं नुसती नाव ऐकून होते, ती अशीच 'बघू तर' म्हणून घेतली आणि एका बैठकीत वाचून सुन्न होऊन बसले. २०२३ च्या दिवाळीपर्यंत उलट्या यादीत ३१ नावं झाली होती आणि एकाचंही दुःख नव्हतं.

आणि मग भाऊबीजेला काकांची कादंबरी आली.

(पुढचं काकांना विचारून लिहितेय. नातेवाइकांनी फोन करू नयेत :) )

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. तेव्हा वय ७१, राहणार बदलापूर. काकू २०१९ मध्ये गेल्या. त्यानंतर काका काहीतरी लिहीत असतात एवढंच कानावर होतं. भाऊबीजेला त्यांनी पिशवीतून सगळ्यांसाठी एकेक प्रत काढली. ऐतिहासिक कादंबरी, ४१२ पानं, एक एफडी मोडून स्वखर्चाने छापलेल्या ३०० प्रती. माझ्या प्रतीवर लिहिलं होतं, 'वाचून स्पष्ट अभिप्राय द्यावा.' 'स्पष्ट'खाली दोन रेघा.

आपल्याकडे अशा वेळी काय होतं तुम्हाला माहीत आहेच. आत्या म्हणाली छपाई किती सुरेख आहे. वहिनी म्हणाली कागद काय छान वापरलाय. कुणीतरी मुखपृष्ठावरच्या घोड्याचं कौतुक केलं. पुस्तक शोकेसमध्ये गेलं, गणपती आणि ट्रॉफीच्या मधे.

मी मात्र त्या रविवारी वाचायला घेतली. आणि मंडळी, काय सांगू. एक काल्पनिक गड, एक काल्पनिक किल्लेदार, एक फितूर, एक लावण्यवती. तलवार दर तीन पानांनी विजेसारखी चमकते. सूर्य चौदा वेळा उगवतो, मी मोजलं, आणि प्रत्येक वेळी पूर्वदिशा उजळवून. किल्लेदार, शिपाई, दासी, शत्रू, सगळे एकाच आवाजात बोलतात, आणि तो आवाज आमच्या काकांचाही नव्हे. काका घरी फार कमी बोलतात आणि बोलले तर लालबागचं बोलतात.

पान ५० मंगळवारी आलं. नियमाने मी मोकळी होते. पण 'स्पष्ट'खालच्या दोन रेघा दिसत होत्या. पन्नास पानांवर स्पष्ट अभिप्राय कसा देणार? पहिला आठवडा संपला तेव्हा पान ११०. दुसरा संपला तेव्हा १९०. निळ्या वहीत दोन रविवार कोरे. लेक म्हणाली, "आई, नापास होणारेस." वाचताना राग यायचा, रागाची लाज वाटायची, मग कंटाळा यायचा, मग कंटाळ्याची लाज वाटायची.

तिसर्‍या आठवड्यात, पान २६३ वर, गडाला वेढा पडला.

धान्य संपत आलेलं आहे. किल्लेदाराची बायको मुदपाकखान्यात तांदूळ मोजतेय. घरात माणसं पाच. पाच माणसांना तीन कप. मी पेन्सिलीने समासात लिहिलं, 'सतराव्या शतकात कप??' आणि पुढे वाचायला लागले. कप कान तुटलेला आहे. काही दिवसांनी तीनाचे अडीच होतात, मग दोन. बायको म्हणते माझा आज उपास आहे. किल्लेदाराला वार माहीत असतो, त्या दिवशी कसलाही उपास नसतो, तो काही बोलत नाही. पायथ्याचा वाणी उधारीला नाही म्हणत नाही, फक्त आधी दुसर्‍यांचं वजन करतो आणि याच्याकडे बघायचं टाळतो. एका रात्री किल्लेदार सहा वर्षांच्या पोराला पाठीला बांधून चोरवाटेने खाली उतरवतो आणि थोरल्या भावाच्या स्वाधीन करतो. पोराला सांगतात की तू तिकडे खेळायला चाललायस. परत आल्यावर बायको मोजायला बसते. चार माणसं. हात सवयीने दोनच कप घेतो, मग अर्धा परत डब्यात टाकतो.

अकरा पानं. त्यात तलवार नाही, सूर्योदय नाही. कुणी मोठं बोलत नाही.

मी पुस्तक मिटलं आणि तशीच बसून राहिले. कारण तो कप मी बघितलेला होता. बदलापूरच्या घरी तांदळाच्या डब्यात असायचा, गुलाबी फुलाचा, कान तुटलेला. काकू शेवटपर्यंत त्यानेच तांदूळ मोजायच्या. घरात स्टीलची मापं होती, आम्ही हसायचो त्यांना.

काका मिलमध्ये होते, साचेखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हे मला माहीत होतं, जसं इतिहासातलं काहीही माहीत असतं तसं. काका तेव्हा तीस वर्षांचे, लालबागच्या चाळीत एका खोलीत आजी, आजोबा, काकू आणि चुलतभाऊ. पाच माणसं. त्या वर्षी मी पहिलीत जाणार होते आणि चुलतभाऊ एका रात्री पिशवी घेऊन आमच्याकडे राहायला आला होता. वर्षभर राहिला. मी खूष होते, शाळेत जायला सोबत मिळाली म्हणून. तो का आला होता हे मी कधी विचारलंच नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही म्हणतात. काका नंतर अंबरनाथला एका छोट्या कारखान्यात लागले, बदलापूरला घर घेतलं, आणि घरात तो विषय कुणी काढला नाही.

उरलेली कादंबरी मी त्याच रात्री संपवली. वेढा उठतो, तलवार परत चमकायला लागते, सूर्य आणखी दोनदा उगवतो.

आता अभिप्रायाचा प्रश्न. चार वेळा पत्र लिहून फाडलं. फोनवर बोलायचं धाडस होईना. शेवटी एका शनिवारी गाडी पकडून बदलापूरला गेले. काकांनी दार उघडलं, माझ्या हातातलं पुस्तक बघितलं आणि म्हणाले, "बस. आधी सांग, मग चहा."

म्हटलं, "काका, स्पष्ट सांगू?"

"रेघा मारल्यात ना मी."

मी ते प्रकरण किती आवडलं ते सांगितलं. वाण्याचं, उपासाचं, पोराचं. कपाचं बोलायला मात्र धीर झाला नाही. काका ऐकत होते.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं मला नाही जमलं, काका."

"किती पानं जमली मग?"

"अकरा."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चारशे बारापैकी अकरा." उठून आत गेले, चहा टाकला. चहा झाल्यावर हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मला स्टेशनपर्यंत सोडायला आले नाहीत. ते नेहमी येतात.

त्यानंतर पाच आठवडे त्यांचा फोन नाही. मी केला तर "बरा आहे" म्हणून ठेवून द्यायचे. बाबा माझ्यावर चिडले. "म्हातार्‍या माणसाला कशाला दुखवायचं? तुला कुणी परीक्षक नेमलंय का?" मी विचारलं, "तुम्ही वाचलीत का?" तर म्हणाले, "सगळी वाचली. मी पानात टाकत नाही." "मग वेढ्याचं प्रकरण?" बाबा म्हणाले, "वाचलं." "मग?" "मग काय." आणि उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. तेव्हा कळलं की त्यांनीही ते माझ्या आधी ओळखलं होतं. त्या रात्री लालबागहून पोराला घेऊन आलेला थोरला भाऊ तेच तर होते.

त्या पाच आठवड्यांत मी काही धड वाचलं नाही. नुसतं 'छान आहे हो, कागद सुरेख आहे' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न रोज यायचा. वर हेही वाटायचं की एका माणसाने एफडी मोडून, एकट्याने, चार वर्षं बसून लिहिलं आणि मी जाऊन त्याला गुणाकार-भागाकार सांगून आले. बरं, खोटं बोलले असते तर त्यांना कळलं असतं का? कळलं असतं असं मला अजूनही वाटतं. स्तुती तर त्यांना तेव्हा तीसेक घरांतून मिळतच होती.

जानेवारीत एका रविवारी रात्री साडेनऊला फोन वाजला. काका.

"आज काय लिहिलंस वहीत?"

म्हटलं, "काहीच नाही. आठवडा कोरा गेला."

"बरं." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या त्या प्रतीत मी तेव्हा समासातलं बघितलं. कप म्हणून दोन प्रश्नचिन्हं घातलीस."

मी गप्प.

"मला लिहिताना कळलं नाही ते. प्रूफं बघताना दिसलं. खोडणार होतो, सतराव्या शतकात कप कुठला. पेन पण उचललं. मग राहू दिलं." परत थांबले. "तिचाच हात होता ना तो. मापटं लिहिलं असतं तर दुसर्‍याच कुणाचा झाला असता."

मी विचारलं, "काका, मग सरळ तेच का नाही लिहिलंत? खोलीचं, संपाचं?"

तर म्हणाले, "खोलीत बसवलं असतं तर हात चालला नसता गं. गडावर नेलं म्हणून लिहिता आलं. तेवढं लिहायला मला एवढा मोठा गड बांधावा लागला."

यावर मला काही बोलता आलं नाही. आजही येत नाही. ज्या चारशे पानांना मी नावं ठेवली, ती त्या अकरा पानांपर्यंत पोचायची वाट होती. वाचणार्‍यासाठी नसेल, लिहिणार्‍यासाठी होती. म्हणून ती पानं चांगली ठरतात असं मी म्हणणार नाही. कंटाळवाणी होती ती, काकाही आता मान्य करतात. पण पानात टाकलेल्या ३१ नावांची यादी मी त्या रात्री परत एकदा वाचली. त्यातल्या कितींमध्ये पान २६३ असेल, कुणास ठाऊक. रंगनाथनांचं तिसरं सूत्र असं आहे की प्रत्येक पुस्तकाला त्याचा म्हणून कुणीतरी वाचक मिळायला हवा. काकांच्या त्या प्रकरणाची वाचक मी होते. तो कप बघितलेली माणसं जगात आहेतच किती? आठ? दहा?

तर माझ्या नियमाचं काय? नियम तोच आहे, पन्नास पानं. आयुष्य काही वाढलेलं नाही, उलट दोन वर्षांनी वजाबाकी सुरू होईल. फक्त शेरा लिहिताना आता हात जरा सावकाश चालतो. 'भिकार' हा शब्द मी वहीतून काढून टाकलाय. 'मला जमलं नाही' असं लिहिते. आणि कुणी ओळखीच्याने लिहिलेलं असेल तर पन्नासाचा नियम लागू नाही, पूर्ण वाचायचं. आणि वाचून झाल्यावर कागदाबद्दल बोलायचं नाही.

काका आता दर रविवारी फोन करतात. मी वहीतलं नाव सांगते, ते त्यांनी काय वाचलं ते सांगतात. गेल्या काही महिन्यांपासून ते साचेखात्याबद्दल लिहितायत. या वेळी सरळ, गडबिड नाही. रेघांच्या वहीत, आठवड्याला एखादं पान. फोनवर वाचून दाखवतात. पहिल्याच पानावर १८ जानेवारीची सकाळ आहे, आणि तिथे सूर्य उगवतो.

म्हटलं, "काका, परत सूर्योदय?"

म्हणाले, "अगं, त्या दिवशी खरंच उगवला होता. पाळी नव्हती म्हणून पहिल्यांदा निवांत बघितला."

ठेवला तो सूर्योदय.

आज गुरुवार. या आठवड्यात एक नावाजलेली कादंबरी हातात आहे, नाव सांगत नाही. नायिका खिडकीशी बसली आहे आणि तिला केव्हापासून काहीतरी आठवतंय. मी पान ४७ वर आहे. माळ्यावरच्या पितळेच्या भांड्यांची फार आठवण येते आहे. अजून तीन पानं द्यायची आहेत.

बघू.